छाती फितीला लागेपर्यंत

अण्णांच्या स्टॉपवॉचमध्ये शंभर मीटरची शर्यत नेहमी जरा जास्त वेळ चालायची.

ते तालुक्याच्या गावी एका हायस्कूलमध्ये पी.टी.चे शिक्षक होते. थंडीत स्पर्धांचे दिवस आले की मैदानावर पाणी मारणं, दोरी ताणून फक्कीच्या रेषा ओढणं, लांब उडीचा खड्डा उकरून वाळू भरणं, या सगळ्यात ते आठवडाभर बुडालेले असायचे. स्पर्धेच्या सकाळी मात्र अंघोळ करून, पांढरी पँट घालून ते कपाटातलं स्टॉपवॉच काढायचे. निकेलचं, मुठीत मावणारं, वर बटण असलेलं. चावी देऊन माझ्या कानाला लावायचे. त्याची टिकटिक भिंतीवरच्या घड्याळापेक्षा घाईची होती.

पहिला नंबर टिपायला तीन टाइमकीपर असायचे. शेवटच्या रेषेजवळ बाकावर एकामागे एक उभे राहायचे. धावणारा आला, फीत तुटली, की तिघं आपापली वेळ सांगायचे. तिन्ही वेगळ्या आल्या तर मधली धरायची, दोन सारख्या आल्या तर ती धरायची, आणि काही कारणानं दोनच घड्याळं चालली तर दोन्हींतली जास्तीची. हा नियम मला पाढ्यांसारखा पाठ होता. आणखी एक पाठ होतं : पिस्तुलाचा आवाज ऐकून बटण दाबायचं नाही, धूर दिसला की दाबायचं. आवाजाला शंभर मीटर यायला सेकंदाचे साधारण तीन दशांश लागतात, धूर मात्र दिसला की दिसला.

तर बाकीचे दोघे म्हणायचे १२.१. अण्णा म्हणायचे १२.३. पुढच्या हीटला ते दोघे ११.९ आणि १२.०, अण्णा १२.२. घड्याळात खोट असेल म्हणून एकदा त्यांनी घड्याळं अदलाबदल करून पाहिली. दोन दशांश घड्याळाबरोबर गेले नाहीत, अण्णांबरोबर आले.

मधली वेळ धरायची असल्यानं त्याचं कुणाला फारसं काही वाटत नव्हतं. मग एका वर्षी अंतिम शर्यतीत तिसऱ्याचं घड्याळ अडकलं. राहिली दोन : एक ११.६ आणि अण्णांचं ११.८. नियमाप्रमाणे ११.८ लिहिलं गेलं आणि त्या मुलाचा जिल्ह्याचा विक्रम एका दशांशानं हुकला. तो मुलगा मैदानातच रडला, हे मला स्पष्ट आठवतं. त्याच्याबरोबर आलेल्या मोठ्या माणसांनी अण्णांना काय काय ऐकवलं तेही आठवतं. पुढच्या वर्षी अण्णांना टाइमकीपर म्हणून बोलावणं आलं नाही. लांब उडीच्या खड्ड्यावर टेप धरायचं काम मिळालं. ते त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं, अगदी मन लावून. घड्याळ कपाटात राहिलं.

मी मानसशास्त्र घेतलं ते यामुळे नव्हे. पण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी, विषयाच्या इतिहासाच्या धड्यात एका परिच्छेदापाशी मी थांबले ती यामुळेच. तो परिच्छेद डेव्हिड किनेब्रुकचा होता.

लंडनजवळच्या ग्रीनिच वेधशाळेत किनेब्रुक हा नेव्हिल मॅस्केलिन या राजखगोलज्ञाचा मदतनीस. काम असं : दुर्बिणीच्या भिंगात उभ्या रेषा ताणलेल्या असत. रात्री तारा एका बाजूनं येऊन त्या रेषा ओलांडत जाई. शेजारी लंबकाचं घड्याळ. घड्याळाकडे एकदा बघून सेकंद लक्षात घ्यायचा, मग डोळा दुर्बिणीला लावून ठोके कानांनी मोजत राहायचं. एका ठोक्याला तारा रेषेच्या अलीकडे कुठे होता आणि पुढच्या ठोक्याला पलीकडे कुठे होता, यावरून रेषा नेमकी कधी ओलांडली ते सेकंदाच्या दशांशापर्यंत मनानं ठरवायचं. डोळा एकीकडे, कान दुसरीकडे, आणि दोन्हींची सांगड घालणारं तिसरं काहीतरी आत कुठेतरी.

ऑगस्ट १७९५ पासून किनेब्रुकच्या नोंदी मॅस्केलिनच्या नोंदींपेक्षा अर्ध्या सेकंदानं उशिराच्या येऊ लागल्या. त्याला ते सांगितलं गेलं. त्यानं प्रयत्न केले असणारच. पण जानेवारी १७९६ पर्यंत फरक वाढून ०.८ सेकंद झाला. ही हौसेची आकडेमोड नव्हती. ताऱ्यांवरून घड्याळ लावायचं, घड्याळावरून समुद्रातल्या जहाजानं आपलं रेखांश काढायचं. विषुववृत्तावर पृथ्वी एका सेकंदात सुमारे ४६५ मीटर फिरते, म्हणजे ०.८ सेकंदाचे झाले जवळजवळ पावणेचारशे मीटर. मॅस्केलिननं त्याला कामावरून काढलं. वेधशाळेच्या छापील नोंदींत त्यानं लिहून ठेवलं की बाकी सगळ्या बाबतींत हा माणूस कष्टाळू आणि उपयोगी होता, आणि त्याला सोडताना आपल्याला जड गेलं.

मॅस्केलिन दुष्ट नव्हता. त्याचा हिशेब सरळ होता : माझी वेळ बरोबर, तुझी वेगळी, म्हणून तुझी चूक. दोन माणसांना एकच तारा दोन वेगवेगळ्या क्षणी रेषेवर दिसू शकतो, आणि दोघंही आपापल्या परीनं प्रामाणिक असू शकतात, ही शक्यता मांडायला तेव्हा शब्दच नव्हते. वर्गात हा परिच्छेद वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ग्रीनिच नव्हतं. लांब उडीचा खड्डा होता.

वीसेक वर्षांनी ही हकिगत तेव्हाच्या प्रशियातल्या क्योनिग्सबर्गच्या वेधशाळेतल्या फ्रीड्रिश बेसेल या खगोलज्ञाच्या वाचनात आली. बेसेलला पडलेला प्रश्न मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा वाटतो, कारण तो त्यानं स्वतःला विचारला. मदतनीस इतका चुकला कसा, हे त्यानं विचारलं नाही. माझं काय, असं विचारलं. १८२० च्या हिवाळ्यात वालबेक या दुसऱ्या खगोलज्ञाबरोबर बसून त्यानं तेच तारे टिपले. दोघंही आपल्या कामात मुरलेले. फरक आला एक सेकंदाहून जास्त, किनेब्रुकपेक्षाही मोठा. पुढे आर्गेलांडर या आणखी एका खगोलज्ञाबरोबर ताडून पाहिलं तर सव्वा सेकंदाच्या जवळपास. मग तो फरक त्यानं बीजगणितातल्यासारखा मांडला, एका माणसाच्या वेळेतून दुसऱ्याची वेळ वजा. कोण बरोबर, कोण चूक हा मुद्दा त्या मांडणीत उरतच नाही. दोन माणसं, त्यांच्यामधलं अंतर, आणि ते अंतर धरून केलेली दुरुस्ती. खगोलज्ञ याला ‘व्यक्तिगत समीकरण’ म्हणू लागले. किनेब्रुकचा जो दोष ठरला होता, त्याची बेसेलनं मोजण्याजोगी गोष्ट केली.

मानसशास्त्राची पुस्तकं विषयाची सुरुवात १८७९ साली जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये, विल्हेल्म वुण्टच्या प्रयोगशाळेत दाखवतात. परीक्षेत तेच लिहायचं आणि मीही विद्यार्थ्यांना तेच लिहायला सांगते. मनात मात्र मी ती तारीख मागे नेते, त्या थंडीतल्या दुर्बिणीपाशी.

याच क्योनिग्सबर्गमध्ये १८५० च्या सुमाराला हर्मान हेल्महोल्ट्झनं आणखी एक धक्का दिला. मन विजेसारखं, प्रकाशासारखं, क्षणार्धात सगळीकडे पोचणारं, असंच सगळे धरून चालले होते. आपल्याकडेही वेग सांगायचा तर मनाचा सांगतात. मारुतीनं मनालाही मागे टाकलं असं आम्ही संध्याकाळी दिवेलागणीला म्हणायचो, म्हणजे मनापलीकडे वेगाची कल्पना जात नव्हती. हेल्महोल्ट्झचे गुरू योहानेस म्युलर तर शरीरविज्ञानातलं मोठं नाव. मज्जातंतूतून जाणाऱ्या संदेशाचा वेग मोजायचं साधनच आपल्याला कधी मिळणार नाही, असं त्यांचं मत होतं.

हेल्महोल्ट्झनं बेडकाच्या पोटरीचा स्नायू घेतला, त्याला जोडलेल्या मज्जातंतूसकट. मज्जातंतूला स्नायूच्या जवळ विजेचा झटका दिला आणि स्नायू आकसायला किती वेळ लागतो ते मोजलं. मग तोच झटका थोडा लांब दिला. दुसऱ्या वेळी जो जास्तीचा वेळ लागला, तो संदेशाला तेवढं अंतर कापायला लागलेला. उत्तर आलं सेकंदाला सुमारे २७ मीटर. ताशी शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. मिरजेहून पुण्याला जाणारी एखादी गाडी रिकाम्या रुळांवर जितकी पळेल तितकंच.

मला हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले होते. ठेच लागते आणि कळ येते यांच्या मध्ये एक प्रवास आहे. आपण ज्याला ‘आत्ता’ म्हणतो ते आपल्यापर्यंत पोचेतो शिळं झालेलं असतं. थोडंसंच, पण झालेलं असतं.

एकदा वेळ लागतो म्हटल्यावर तो कशाकशात लागतो, हे शोधणं आलं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या डॉन्डर्स या शरीरशास्त्रज्ञानं १८६०च्या दशकात वजाबाकीची साधी युक्ती काढली. कोणत्या पायाला झटका बसणार हे आधी सांगून ठेवलं, तर माणूस ठरलेल्या हातानं लगेच खूण करतो. आधी सांगितलं नाही, उजवा की डावा हे त्यालाच ओळखून त्या बाजूच्या हातानं खूण करायची असली, तर सेकंदाचा साधारण पंधरावा भाग जास्त लागतो. दोन्हींमधला फरक म्हणजे ओळखायला आणि निवडायला लागलेला वेळ. या वजाबाकीवर पुढे पुष्कळ आक्षेप आले आणि ते रास्तही होते, कारण मनातली कामं पत्त्यांसारखी एकावर एक ठेवलेली नसतात. तरीही एक निर्णय, कितीही बारका, घड्याळात पकडला गेला होता.

विल्हेल्म वुण्ट हा काही काळ हायडेलबर्गमध्ये हेल्महोल्ट्झचा साहाय्यक होता. १८६१ मध्ये त्यानं घरच्या लंबकाच्या घड्याळाला थोडी जोडणी करून एक यंत्र बनवलं. लंबक हलताना ठरावीक जागी घंटी वाजायची. घंटी वाजली तेव्हा लंबक कुठे होता, ते बघणाऱ्यानं सांगायचं. तो स्वतः बघायला बसला आणि दर वेळी चुकला. जिथे खरोखर वाजायची तिथे लंबक त्याला कधीच दिसला नाही. ग्रीनिचमधला डोळा-कानाचा खेळ त्यानं घरी आणून ठेवला होता. त्याचा निष्कर्ष असा की लक्ष एका क्षणी एकीकडेच जातं. घंटीकडून लंबकाकडे वळायला त्याला सेकंदाचा जवळजवळ आठवा भाग लागतो. किनेब्रुकचा उशीर त्याच्या डोळ्यातही नव्हता आणि कानातही नव्हता. लक्ष एकीकडून दुसरीकडे जाण्याच्या वाटेवर तो होता.

१८७५ मध्ये वुण्ट लाइपझिगला आला. विद्यापीठानं त्याला उपकरणं ठेवायला जुन्या इमारतीतली एक खोली दिली. १८७९ च्या हिवाळ्यात त्या खोलीत माक्स फ्रीड्रिश या विद्यार्थ्यानं आपले प्रयोग सुरू केले. समोर रंग किंवा आकडे दाखवायचे, ते नीट ओळखले गेले की बटण सोडायचं, आणि लागलेला वेळ टिपायचा. वेळ टिपायला स्वित्झर्लंडचा घड्याळजी हिप यानं बनवलेला क्रोनोस्कोप होता, सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारा. आणि तो बरोबर चालतो की नाही हे तपासायला वजन वरून सोडत, कारण वस्तू किती वेळात किती खाली येते हे पक्कं ठाऊक असतं.

त्या खोलीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे प्रयोगाला कोण बसायचं. फ्रीड्रिशच्या प्रयोगात स्वतः फ्रीड्रिश होता, टिशर हा दुसरा विद्यार्थी होता, अमेरिकेहून आलेला स्टॅनली हॉल होता, आणि स्वतः प्राध्यापक वुण्ट होते. आज घड्याळापाशी बसलेला उद्या बटणापाशी. ज्याला मोजायचं आणि जो मोजतो यांच्यात अजून भिंत उभी राहिली नव्हती. बेसेलनं स्वतःला प्रश्न विचारला होता, तीच रीत इथे टिकली होती.

पुढे ती फार काळ टिकली नाही, याचं मला वाईट वाटतं. वुण्टला माणसामाणसांतल्या फरकात रस नव्हता. त्याला सर्वांचं मिळून मन कसं चालतं ते हवं होतं. फरक हवा होता तो त्याचा अमेरिकन विद्यार्थी जेम्स कॅटेल याला. कॅटेलला पुढे इंग्लंडमधल्या फ्रान्सिस गॉल्टनची ओढ लागली. गॉल्टननं १८८४ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात दालन मांडलं होतं. तीन पेन्स दिले की तुमची उंची, पकड, नजर, कान आणि ठोशाचा वेग मोजून मिळायचा. मोजणी नेटकी, पण त्यामागे माणसांची प्रत लावण्याची, चांगल्या वंशाची माणसं वाढवण्याची इच्छा होती. फरकाचा पुन्हा दर्जा झाला. बेसेलनं जे समीकरण लिहिलं होतं त्याची पुन्हा उतरंड केली गेली. त्या उतरंडीनं पुढच्या शतकात किती माणसांचं नुकसान केलं ते वर्गात सांगताना माझा आवाज आजही चढतो.

कॅटेलच्याच हाताखाली क्लार्क विसलरनं १९०१ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे असे सगळे आकडे, प्रतिक्रियेचा वेळ धरून, त्यांच्या परीक्षेतल्या गुणांशी ताडून पाहिले. प्रतिक्रियेचा वेळ आणि वर्गातली हुशारी यांचा संबंध जवळजवळ शून्य निघाला. नंतरच्या संशोधनांनी थोडाफार संबंध दाखवला आहे, पण चटकन बटण दाबणारा तो हुशार, हा सरळ हिशेब त्या दिवशी मोडला.

लाइपझिगची ती खोली आपल्यापासून वाटते तितकी लांब नाही. वुण्टचा विद्यार्थी म्युन्स्टरबर्ग हार्वर्डला गेला. म्युन्स्टरबर्गकडे नरेंद्रनाथ सेनगुप्त शिकले. आणि १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला तो सेनगुप्तांच्या हाताखाली. नंतर पुण्यातही विभाग निघाला, आणि त्या वाटेनं ‘प्रतिक्रिया काळ’ हा प्रयोग आमच्या कॉलेजातल्या प्रात्यक्षिकाच्या जर्नलात येऊन पडला : हेतू, साहित्य, कार्यपद्धती, निरीक्षणं, निष्कर्ष. दिवा लागला की बटण दाबायचं. आधी मैत्रिणीनं माझं टिपलं, मग मी तिचं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी अण्णांवर प्रयोग केला. यंत्र नव्हतं, तीस सेंटिमीटरची लाकडी पट्टी होती. मी पट्टी वरून उभी धरायची. अण्णांनी खाली शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. मी न सांगता सोडली की त्यांनी चिमटीत पकडायची. पट्टी जितकी खाली घसरली तितका वेळ लागला. (हिपचं घड्याळ वजन सोडून तपासत हे मला नंतर कळलं, तेव्हा मला आमची पट्टी आठवली होती.) दहा वेळा केलं. सरासरी आली १७ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाचे १९ शतांश. माझी त्याहून जराशी जास्त होती.

अण्णांचा हात सुस्त नव्हता. मग ते दोन दशांश कुठून यायचे? मी त्यांना काहीच सांगू शकले नाही. जर्नलात लिहायला निष्कर्ष नव्हता.

तो मला खूप पुढे मिळाला, शिकवायला लागल्यावर. १८८८ मध्ये वुण्टच्याच प्रयोगशाळेत लुडविग लांगे यानं एक बारीक गोष्ट दाखवली होती. बटण दाबणारा आपलं लक्ष बोटावर ठेवून बसला, कधी एकदा दाबतो असा, तर तो झटकन दाबतो. तोच माणूस लक्ष येणाऱ्या खुणेवर ठेवून बसला, ती आधी पुरती कळू दे मग दाबेन असा, तर सेकंदाचा जवळजवळ दहावा भाग जास्त लागतो. माणूस तोच, बोट तेच. लक्ष कुठे ठेवलं एवढाच फरक.

हे तयार करताना मी हातातला खडू खाली ठेवला. मैदान आठवलं. सुरुवातीला धूर कधी दिसेल ते कुणालाच ठाऊक नसतं. तिघांचाही थोडा वेळ जातो आणि तिघांचीही घड्याळं उशिराच सुरू होतात. शेवटी मात्र धावणारा समोरून येताना दिसत असतो. त्याची छाती आता फितीला लागणार हे दिसतं, आणि लक्ष अंगठ्यावर असलं की छाती लागायच्या आधीच अंगठा कामाला लागतो. सुरुवातीला उशीर, शेवटी नाही, म्हणून वेळ कमी भरते. हातानं घेतलेली शंभर मीटरची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडायची तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवायचा प्रघात आहे, तो याचसाठी. अण्णा शेवटीही वाट बघायचे. छाती लागलेली दिसली, मग अंगठा. सुरुवातीला जेवढा उशीर, शेवटीही तेवढाच. दोन्ही उशीर एकमेकांत फिटायचे आणि खाली जे उरायचं ते बहुतेक त्या मुलाला खरोखर लागलेला वेळ असायचा.

मी त्या शनिवारी गावी गेले. अण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत. ओसरीवर बसून त्यांना सगळं सांगितलं, किनेब्रुकपासून. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, “त्या पोराला परत कामावर घेतलं का मग?” नाही म्हटलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग मी कागदावर आकडे मांडून दाखवले, सुरुवातीचा उशीर, शेवटचा उशीर, वजाबाकी. त्यांनी चष्मा सरळ करून बघितलं.

“अगं, पण छाती लागल्याशिवाय दाबायचं तरी कसं?” ते म्हणाले. त्यांना ते खरंच कळत नव्हतं.

तो विक्रम त्या मुलाचा नव्हताच, हे मला त्यांना सांगायचं होतं. त्यांनी ते आधीच मनाशी केव्हातरी ठरवून टाकलं होतं की काय, कोण जाणे. मी विचारलं नाही. त्यांनी आत हाक मारून नातवाच्या दप्तरातली पट्टी मागवली. आता प्लॅस्टिकची, हिरवी. चिमूट उघडून हात पुढे केला. बोटं जराशी थरथरत होती. दहा वेळांची सरासरी २४ सेंटिमीटर आली. मी आकडा सांगितला, त्यांनी मान हलवली, आणि दुसरा हात पुढे केला.

“आता डाव्यानं बघू,” म्हणाले. “सांगून सोडू नकोस हं.”